कोर्टाची पायरी चढा: टेक्ससमधली जुनी काउंटी कोर्टहाउस कशी पाहायची आणि कशी जपायची

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. टेक्ससमध्ये आल्यावर मी ती पहिल्यांदा चढले ती भाचीच्या लग्नाच्या लायसन्ससाठी. इथे काउंटी (राज्याचा, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्लार्ककडून लायसन्स घ्यायचं, ७२ तास थांबायचं आणि मग लग्न लावायचं, असा नियम आहे. आमचं काम एका नव्या, काचेच्या इमारतीत पंधरा मिनिटांत झालं. बाहेर आलो तर समोर गावच्या चौकात दगडी कमानींची, मनोऱ्याची एक जुनी इमारत उभी होती. भाची म्हणाली, “मावशी, लायसन्स इथे मिळालं असतं तर?” त्या दिवसापासून मी ही कोर्टहाउस पाहत फिरते आहे. फिरताना जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला तुमच्या काउंटीपासून सुरुवात करता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काउंटी कोर्टहाउस म्हणजे नुसतं न्यायालय नाही. आपली तहसील कचेरी, खरेदीखतं नोंदवायचं ऑफिस आणि कोर्ट एकाच छपराखाली आणलं तर जे होईल, ते हे. टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीला स्वतःची कचेरी आहे. ‘कमिशनर्स कोर्ट’ हे नाव ऐकून खटले चालत असतील असं वाटतं, पण ती काउंटीची कारभारी सभा आहे: एक काउंटी जज आणि चार कमिशनर. रस्ते, कर, तुरुंग आणि त्या जुन्या इमारतीच्या छताची गळती, सगळ्याचा निर्णय हे पाच जण घेतात. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

१८८१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने काउंट्यांना कोर्टहाउस बांधायला कर्जरोखे काढायची परवानगी दिली. तोवर बऱ्याच ठिकाणी कचेरी म्हणजे लाकडी खोल्या होत्या. रेल्वे येत होती, कापसाला भाव होता, आणि शेजारच्या काउंटीपेक्षा आपला मनोरा उंच हवा ही ईर्षाही होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत टेक्ससभर दगडी महाल उभे राहिले.

पहिली पायरी: कुठलं पाहायचं ते ठरवा

एका दिवसात दोन, फार तर तीन. त्यापेक्षा जास्त ठेवलीत तर फक्त फोटो हातात राहतात.

डॅलसच्या बाजूला राहत असाल तर वॉक्साहॅची (एलिस काउंटी, १८९७) आणि डेंटन (१८९६) आधी पाहा. फ्रिस्को-प्लेनोच्या मंडळींची काउंटी कॉलिन. तिचं मॅकिनीमधलं जुनं कोर्टहाउस आता नाट्यगृह झालंय, आणि कोर्टरूममध्येच प्रयोग होतात. ऑस्टिनहून जॉर्जटाउन (विल्यमसन काउंटी, १९११) आणि लॉकहार्ट (कॉल्डवेल काउंटी, १८९४). राउंड रॉक आणि सीडर पार्कच्या बहुतेक मराठी घरांचा मालमत्ता कर विल्यमसन काउंटीकडे जातो, म्हणजे जॉर्जटाउनचा तो घुमट तुमच्याही पैशाने उभा आहे. ह्यूस्टनकरांनी शुगरलँडहून जवळ असलेलं रिचमंड (फोर्ट बेंड काउंटी, १९०९) पाहावं आणि मग ला ग्रेंजला (फायेट काउंटी, १८९१) जावं. सॅन अँटोनियोत बेअर काउंटीचं लाल दगडाचं कोर्टहाउस तर शहराच्या मधोमध आहे.

जायचं ते कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी बहुतेक ठिकाणी दारं बंद असतात, आणि लहान गावांत काही ऑफिसं दुपारी जेवायच्या सुट्टीतही बंद होतात. सकाळी पोचा. मनोऱ्याच्या पूर्वेच्या बाजूवर ऊन असतं आणि दगडाचा रंग तेव्हाच खरा दिसतो.

दुसरी पायरी: चौकाला प्रदक्षिणा घाला

गाडी लावली की थेट आत जाऊ नका. आधी समोरच्या दुकानांच्या फुटपाथवरून चौकाची एक पूर्ण फेरी मारा. मधोमध कोर्टहाउस, त्याभोवती हिरवळ, चार बाजूंनी रस्ते आणि रस्त्यांपलीकडे दुकानं, अशा मांडणीला टेनेसीतल्या शेल्बीव्हिल गावाचं नाव आहे. तिथे १८१० मध्ये असा चौक आखला गेला आणि तो नमुना घेऊन लोक पश्चिमेकडे सरकले. चारही बाजूंच्या दुकानदारांना इमारतीचं तोंड आपल्याकडे हवं असायचं, म्हणून अनेक कोर्टहाउसना मागची बाजूच नाही. फेरी मारल्यावर हे आपोआप कळतं.

हिरवळीवर काय काय आहे तेही वाचा. युद्धस्मारकं, राज्याच्या इतिहास आयोगाच्या माहितीपाट्या, जुनी पिकानची झाडं. जॉर्जटाउनला हिरवळीवर कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकाचा, पुतळा आहे. ते युद्ध संपलं १८६५ मध्ये आणि पुतळा बसला १९१६ मध्ये. मधली एकावन्न वर्षं लक्षात घ्या. पुतळा कधी बसवला यावरून तो कोणासाठी बसवला हे बरंच कळतं.

तिसरी पायरी: जोत्यापासून कळसापर्यंत

आता इमारत खालून वर वाचायची. आधी शैली. त्यासाठी चार खुणा पुरतात.

छप्पर पेटीच्या झाकणासारखं तीव्र उताराचं, वर सपाट आणि त्यात खिडक्या असतील तर ती सेकंड एम्पायर शैली. लॉकहार्ट त्याचा देखणा नमुना. अर्धगोल, जाडजूड कमानी आणि मुद्दाम खडबडीत ठेवलेला दगड असेल तर रोमनेस्क रिव्हायव्हल. हिचं मूळ हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांच्या कामात, आणि पिट्सबर्गमधलं त्यांचं ॲलेगनी काउंटी कोर्टहाउस (१८८८) देशभरातल्या वास्तुरचनाकारांनी डोळ्यांसमोर ठेवलं. उंच खांब, त्रिकोणी शिरोभाग आणि घुमट असेल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची क्लासिकल धाटणी. जॉर्जटाउन आणि रिचमंड ही दोन्ही चार्ल्स एच. पेज यांची. सपाट भिंती, सरळ रेषा आणि भौमितिक नक्षी असेल तर बहुधा १९३० च्या दशकातली, मंदीच्या काळात सरकारी पैशातून झालेली इमारत.

माझा जीव मात्र रोमनेस्कवर, आणि त्यातही जेम्स रायली गॉर्डन यांच्या इमारतींवर. बेअर, फायेट, एलिस, वाइज, गोंझालेस, कोमाल ही सगळी त्यांचीच. वॉक्साहॅचीच्या कोर्टहाउसपुढे उभ्या राहा आणि दरवाजे शोधा. ते दर्शनी भिंतींच्या मध्यावर नाहीत. इमारतीचा आकार अधिकच्या चिन्हासारखा आहे आणि प्रवेश आतल्या कोपऱ्यांतून. मधोमध जिना आणि त्यावर मनोरा. हे नुसतं दिसण्यासाठी केलेलं नाही. टेक्ससचा उन्हाळा, विजेचे पंखे नाहीत, कोर्टरूममध्ये शेदोनशे माणसं. खिडक्यांतून हवा आत यायची, तापून जिन्याच्या मोकळ्या जागेतून वर चढायची आणि मनोऱ्यातून बाहेर पडायची. मनोरा म्हणजे इमारतीची चिमणीच. ला ग्रेंजला तर त्यांनी मधोमध वाड्यासारखा चौक ठेवला. मधल्या काळात तो बुजवला होता, दुरुस्तीत पुन्हा मोकळा केला. त्यात उभी राहिले तेव्हा मला आजोळच्या वाड्यातला गारवा आठवला.

मग दगड. वॉक्साहॅचीला खाली राखी आणि गुलाबी ग्रॅनाइट दिसेल, वर पेकॉसचा लाल वालुकाश्म. ग्रॅनाइट पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून तो जमिनीलगत. वालुकाश्मावर छिन्नी छान चालते, म्हणून नक्षी त्याच्यात. ऑस्टिनचं कॅपिटल (१८८८) ज्या बर्नेट काउंटीतल्या गुलाबी ग्रॅनाइटचं आहे, तोच दगड अनेक काउंट्यांनी मागवला. जवळ जाऊन खांबांच्या माथ्यावरचे चेहरे पाहा. एक सुंदर तरुणी, आणि मग तेच चेहरे विद्रूप होत जातात. गावात सांगतात की पाथरवटाचं प्रेम नाकारलं गेलं आणि त्याने छिन्नीने सूड घेतला. अभ्यासकांना याला कागदोपत्री आधार सापडलेला नाही. पण त्या चेहऱ्यांपुढे ही कथा सांगणारा कोणीतरी तुम्हाला भेटेलच.

चौथी पायरी: आत जा

दारात मेटल डिटेक्टर असतो. खिशातली छोटी सुरी, स्विस नाइफ गाडीतच ठेवा. सुरक्षेच्या डेप्युटीला सरळ सांगा, “इमारत पाहायला आलेय.” मला आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही, उलट बरेचदा तेच सोबत येऊन काय पाहायचं ते दाखवतात. मार्गिकेत फोटो चालतात, पण कोर्टरूममध्ये विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. सुनावणी चालू असेल तर मागच्या बाकावर गुपचूप बसता येतं, कारण सुनावणी सहसा सगळ्यांना खुली असते.

नंतर काउंटी क्लार्कची नोंदखोली. जुन्या नोंदी अजून त्याच इमारतीत असतील तर विनंती करून पाहा. लोखंडी मांडण्यांवर कॅनव्हासच्या बांधणीच्या प्रचंड वह्या आडव्या ठेवलेल्या असतात आणि मांडणीला रूळ असतात, कारण एक वही उचलायची म्हटलं तर हात भरून येतो. ओढली की ती घरंगळत बाहेर येते. जमीन कोणी कोणाला विकली ते त्यात, देणाऱ्याच्या नावाने वेगळी सूची आणि घेणाऱ्याच्या नावाने वेगळी. तुमच्या घराच्या जागेचा माग इथून मागे मागे नेता येतो, आपण जुने सातबारा काढतो तसाच. एकदा दुपारभर बसून मी आमच्या सबडिव्हिजनची जमीन कापसाच्या शेतापर्यंत मागे नेली होती.

आत असताना खिडक्यांच्या माथ्याकडे पाहा. खिडकी उंच आहे पण वरचा भाग छताने कापलाय? मग फॉल्स सीलिंग आहे आणि त्यावर मूळ छत दडलेलं आहे. एअरकंडिशनर आले तेव्हा, १९४० ते ७० च्या दरम्यान, काउंट्यांनी छतं खाली आणली, कोर्टरूमच्या गॅलऱ्या भिंतींनी बंद केल्या, मोकळ्या जागांत मजले घातले. ह्यूस्टनमध्ये १९१० च्या हॅरिस काउंटी कोर्टहाउसची घुमटाखालची पोकळी १९५० च्या दशकात अशीच भरून टाकली होती. २०११ मध्ये ती पुन्हा मोकळी झाली. आज तिथे वर पाहिलं की रंगीत काचेतून उजेड उतरतो. जॉर्जटाउनला बाहेरून घाव बसला होता. १९६० च्या दशकात त्रिकोणी शिरोभाग आणि वरचे कठडे काढून टाकले होते. २००७ मध्ये ते परत घडवून बसवले.

पाचवी पायरी: कोर्टरूममध्ये दहा मिनिटं बसा

या खोल्यांमध्ये काय घडलं ते जाणून न घेता नुसत्या कमानींचं कौतुक करणं मला अपुरं वाटतं.

वॅकोचं मॅक्लेनन काउंटी कोर्टहाउसही गॉर्डन यांचंच, घुमटाचं, देखणं. १५ मे १९१६ रोजी तिथे जेसी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय किशोरावर खटला चालला. जूरीने त्याला दोषी ठरवताच जमावाने त्याला कोर्टरूममधून ओढून बाहेर काढलं आणि हजारो लोकांसमोर जाळून मारलं. सात वर्षांनी, सुमारे सत्तर मैलांवर, जॉर्जटाउनच्या कोर्टरूममध्ये डॅन मूडी नावाच्या तरुण सरकारी वकिलाने एका विक्रेत्याला बांधून मारणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांवर खटले चालवले आणि शिक्षा मिळवल्या. क्लॅन तेव्हा इतका बलवान होता की साक्ष द्यायलाही माणसं घाबरत. मूडी १९२७ मध्ये राज्याचे गव्हर्नर झाले. जॉर्जटाउनची ती कोर्टरूम आता मूळ रूपात आहे. गॅलरीकडे पाहा, साक्षीदाराच्या खुर्चीकडे पाहा. एक खोली माणसाला वाचवू शकली नाही आणि दुसरीत कायदा टिकला, हे दोन्ही याच वास्तूंनी पाहिलंय. म्हणून त्या जपायच्या.

सहावी पायरी: दुखणं ओळखा

जुन्या इमारतीचा पहिला शत्रू पाणी. तपासायचा क्रम वरून खाली. पन्हळीत गवत उगवलंय का? पन्हळीतून खाली येणाऱ्या पाइपाच्या मागे भिंतीवर काळा-हिरवा पट्टा आहे का? मनोऱ्याच्या जाळ्या फाटून कबुतरं आत गेलीत का? आत, वरच्या मजल्याच्या कोपऱ्यांत प्लास्टर फुगलंय का? तळघरात भिंतीला लोणा लागलाय का? यातली दोन उत्तरं ‘हो’ असतील तर छतावर काम हवंय, रंगकाम नव्हे.

दुसरा शत्रू आपलेच हात. हे नीट समजून घ्या, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं. एकोणिसाव्या शतकातल्या या भिंती बहुतेक चुन्यात बांधल्या आहेत. चुना दगडापेक्षा मऊ असतो. भिंतीत शिरलेलं पाणी दरजांतून बाहेर पडतं, झीज व्हायची ती दरजेची होते, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी गवंडी येऊन दरजा पुन्हा भरतो. पुढे कोणीतरी ‘एकदाच पक्कं’ करायचं म्हणून पोर्टलँड सिमेंट भरतं. आता दरज कडक आणि दगड मऊ. पाणी दगडातून वाट काढतं, क्षार दगडात साठतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. हे कसं ओळखायचं? भिंतीला गाल टेकवल्यासारखं बाजूने पाहा. राखी सिमेंटच्या रेघा बांधासारख्या बाहेर आणि दगड आत खाचलेला दिसला तर हाच आजार. खरवडून मात्र पाहू नका, नजर पुरते. पुण्या-नाशिकच्या वाड्यांच्या भिंतींना सिमेंट थापून जे झालं, तेच हे.

एका लहान गावात, नाव घेत नाही, मी पोचले तेव्हा लाल वालुकाश्म ‘स्वच्छ’ करायला वाळूचा झोत मारणं चालू होतं. जोत्याशी लाल भुकटीचा ढीग साचला होता. ती घाण नव्हती, तो दगडच होता. पाथरवटाच्या छिन्नीचे सव्वाशे वर्षं टिकलेले घाव एका सकाळीत पुसले गेले. दगड धुवायचा तर कमी दाबाचं पाणी, मऊ ब्रश आणि आधी कोपऱ्यात छोटी चाचणी. एवढंच पुरतं.

सातवी पायरी: हातभार लावा

१९९८ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने टेक्ससच्या कोर्टहाउसना देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. १९९९ मध्ये राज्याने टेक्सस हिस्टॉरिकल कमिशनमार्फत (राज्याचा तोच इतिहास आयोग) अनुदान योजना सुरू केली आणि तिच्यातून आतापर्यंत सत्तरहून अधिक कोर्टहाउस पूर्ण दुरुस्त झाली. अनुदानासाठी काउंटीने आधी इमारतीचा मास्टर प्लॅन करायचा आणि खर्चातला स्वतःचा वाटा उचलायचा. म्हणजे गाडं अडतं ते बहुधा काउंटीच्या तयारीवर.

कायदाही हाताशी आहे. जे कोर्टहाउस आहे किंवा कधीकाळी होतं, अशी इमारत पाडायची, विकायची, भाड्याने द्यायची किंवा तिच्या ऐतिहासिक रूपाला धक्का लावायचा असेल तर काउंटीने हिस्टॉरिकल कमिशनला सहा महिने आधी कळवायलाच हवं. हे सहा महिने तुमचे. अशी कुणकुण लागली तर आधी विचारा: “कमिशनला कळवलं का? कोणत्या तारखेला?” प्रश्न लेखी विचारा.

कमिशनर्स कोर्टाच्या बैठका खुल्या असतात आणि विषयपत्रिका आधी जाहीर करावी लागते. नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. जाताना भाषण नको, एक फोटो आणि एक मागणी घेऊन जा: ‘पश्चिमेची पन्हळ तुटली आहे, यंदाच्या बजेटमध्ये तिला पैसे ठेवा.’ टॅरंट काउंटीत १८९० च्या दशकात चार लाखांहून जास्त डॉलर खर्चून गुलाबी ग्रॅनाइटचा महाल बांधला, तेव्हा चिडलेल्या मतदारांनी कमिशनरांना घरी बसवलं होतं. आज फोर्ट वर्थ त्याच इमारतीचा अभिमान बाळगतं. पण खर्चाच्या भीतीने दबलेल्या कमिशनरांना ती गोष्ट अजून आठवते. म्हणून पैसे द्या म्हणणारा नागरिक समोर दिसावा लागतो.

काउंटी हिस्टॉरिकल कमिशन ही वेगळी, प्रत्येक काउंटीतल्या स्वयंसेवकांची समिती असते. दर विषम वर्षाच्या जानेवारीत कमिशनर्स कोर्ट तिचे सदस्य नेमतं. अर्ज करा. या समित्यांत आपली माणसं फार कमी दिसतात, आणि जुन्या वह्या चाळायला, फोटो स्कॅन करायला हात नेहमीच हवे असतात.

आगीचं विशेष लक्ष ठेवा. हिल्सबरोचं १८९० चं हिल काउंटी कोर्टहाउस १ जानेवारी १९९३ रोजी जळालं. त्याच काउंटीतल्या ॲबट गावच्या प्रसिद्ध गायक विली नेल्सन यांनी निधीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला, आणि १९९९ मध्ये इमारत पुन्हा उभी राहिली. मेसनचं कोर्टहाउस ४ फेब्रुवारी २०२१ रोजी कुणीतरी पेटवलं. दुरुस्ती सुरू होणार म्हणून नोंदवह्या आधीच हलवल्या होत्या, त्यामुळे कागद वाचले. दगडी भिंतीही टिकल्या. तुमच्या काउंटीत विचारा: फायर अलार्म आहे का, स्प्रिंकलर आहेत का, नोंदींची प्रत दुसरीकडे आहे का?

आणि एक काम आजच करता येईल. चौकाच्या चार कोपऱ्यांतून चार फोटो काढा, एक मनोऱ्याचा, एक जोत्याचा, एक प्रत्येक पन्हळीचा. फोटोवर तारीख आणि कुठे उभ्या होतात ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी उभं राहून तेच फोटो पुन्हा काढा आणि दोन्ही संच काउंटी हिस्टॉरिकल कमिशनला द्या. जॉर्जटाउनच्या ईशान्य कोपऱ्यातून मी हे सहा वर्षं करते आहे. चौथ्या वर्षीच्या फोटोत एका कठड्याखाली ओलीचा हातभर डाग दिसला, जो तिसऱ्या वर्षी नव्हता.